भांडण सर्बियाचं, मग सैन्य बेल्जियममध्ये का घुसलं?

राम राम मंडळी. आज परत पहिलं महायुद्धच घ्यायलोय, कारण मागच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच गोष्ट धरून बसलात: भांडण ऑस्ट्रिया-सर्बियाचं, मग ४ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीनं बेल्जियममध्ये सैन्य का घातलं? लई चांगला प्रश्न आहे, हा ज्याला पडला त्याला युद्ध अर्धं कळलं.

गट पटकन सांगतो, तुम्हाला पाठच आहेत. १८८२ ला जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली ह्यांनी एकमेकांना साथ द्यायचा करार केला. समोर १८९४ ला फ्रान्स-रशियाचा करार, १९०४ ला फ्रान्स-ब्रिटन आणि १९०७ ला ब्रिटन-रशिया नुसत्या समजुतीनं जवळ आले. २८ जून १९१४, ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या बोस्नियाचं साराएव्हो शहर, १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिप ह्या सर्ब पोरानं ऑस्ट्रियाच्या युवराजाला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या. ऑस्ट्रियानं दोष सर्बियावर ठेवला. झालं. पुढं.

एका जणानं कमेंट केली, "एका गोळीनं युद्ध झालं, विषय संपला." नाही हो, नाही संपत! गाईडमधी 'तात्कालिक कारण' अशी एक ओळ असते आणि पोरं तेवढीच घोकून परीक्षेला जातात, मला ह्याचाच राग येतो. २८ जून ते ४ ऑगस्ट मोजा, ३७ दिवस होतात. एवढ्या दिवसांत थांबायला किती जागा होत्या!

दुसरे म्हणतात करार होते म्हणून सगळे ओढले गेले. मग इटली? करारात होता, तरी बाजूला बसला, म्हणाला करार बचावाचा आहे, हल्ला तुम्ही केलाय. १९१५ मध्ये तर उलट्या बाजूनं उतरला. आणि फ्रान्ससाठी लढलंच पाहिजे असा ब्रिटनवर कागदोपत्री कुठला करारच नव्हता.

मी बारावीत असताना आमच्या गावात पोळ्याला मानावरून वाजलं. तोरणाखालून आधी कुणाचे बैल न्यायचे, एवढंच. दोन्ही घरांनी सोयऱ्यांना फोन केले, संध्याकाळपर्यंत दोन्हीकडून ट्रॅक्टर भरून माणसं आली. आणि मी ऐकलेलं सांगतो, ज्यांचं भांडण होतं ते दोघं म्हातारे मिटवायला तयार होते, पण दोघंही म्हणायलेत, "आता माणसं बोलावलीत, माघारी कोणत्या तोंडानं पाठवू?" त्या रात्री चार जणांची डोकी फुटली. माझ्या चुलत्याचं त्यात एक.

आता जुलै १९१४ बघा. २८ जुलैला ऑस्ट्रियानं सर्बियावर युद्ध पुकारलं. रशिया सर्बियाच्या बाजूनं, त्यानं सैन्य गोळा करायला घेतलं. अवघड पायरी हीच आहे, नीट ऐका. रशियाशी भिडायचं म्हणजे त्याचा दोस्त फ्रान्सही अंगावर येणार, हे जर्मनीनं धरलेलंच होतं. रशिया एवढा मोठा की त्याला गोळा व्हायला वेळ लागणार, म्हणून जर्मनीचा प्लॅन असा की तेवढ्यात साधारण सहा आठवड्यांत फ्रान्सला आडवं करायचं आणि मग रशियाकडं वळायचं. फ्रान्सची सरहद्द किल्ल्यांनी भरलेली, मग वाट कुठून? बेल्जियममधून. आणि बेल्जियमला हात लावायचा नाही हा १८३९ चा करार, त्यावर ब्रिटनची सही, म्हणजे तिथं घुसलं की ब्रिटनही उतरणार. आलं ध्यानात? रशियानं माणसं बोलावली की जर्मनीच्या प्लॅनचं घड्याळ सुरू होतं, मग बोलणी करत बसलं तर तेवढा वेळ आपलाच जातो.

परत सांगतो, दुसऱ्या बाजूनं. रशियाच्या बादशहानं, म्हणजे झारनं, २९ जुलैच्या रात्री पूर्ण सैन्य बोलावण्याचा हुकूम मागं घेतला होता! ३० तारखेला त्याच्याच लोकांनी त्याला परत तयार केलं. १ ऑगस्टला जर्मनीचा बादशहा कैसर म्हणाला, फ्रान्स सोडा, सगळं सैन्य रशियाकडं वळवा. सेनापती मोल्टके म्हणाला जमणार नाही, गाड्यांचं नियोजन आधीच ठरलंय. म्हणजे खुद्द बादशहाला रेल्वेचं टाइमटेबल बदलता आलं नाही. ट्रॅक्टर आठवा.

आणि राष्ट्रवाद कुठं येतो? माणसं माघारी का पाठवता येत नाहीत, तिथं. सर्बियाला सगळे दक्षिण स्लाव, म्हणजे सर्बांच्या जवळच्या भाषा बोलणारे लोक, एकत्र पाहिजे होते, ऑस्ट्रियाला भीती की एकाला ढील दिली तर आपल्यातल्या सगळ्या जमाती सुटतील, फ्रान्सच्या मनात १८७१ ला जर्मनीकडं गेलेला अल्सास-लोरेन हा मुलूख. माघार म्हणजे नाक कापलं. युद्ध टाळा म्हणून ओरडणारा फ्रान्समधला समाजवादी पुढारी जाँ जोरेस, त्याला ३१ जुलैला पॅरिसमध्ये एका राष्ट्रवाद्यानंच गोळी घातली. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो.

"मराठवाड्याचा काय संबंध?" असंही विचारायलेत. अहो, आपण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, आणि त्या संस्थानाचे लान्सर्स, म्हणजे भालेवाले घोडेस्वार, इजिप्त-पॅलेस्टाईनला गेले होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात तीन जवानांचे पुतळे उभे आहेत ना, जोधपूर, म्हैसूर आणि तिसरा हैदराबाद, ते त्याच लढाईचे. तुमच्या घरात कुणाचा पणजोबा तिकडं गेल्याची आठवण असेल, एखादं पदक, एखादं पत्र, तर खाली गावाच्या नावासकट लिहा. मी एकेक वाचणार आहे.