रात्रपाळी आणि डिग्री

(दृश्य : वाळूज एमआयडीसी, संभाजीनगर, सकाळी पाळी सुटताना)

वाळूजची रात्रपाळी सुटते तेव्हा गेटबाहेर पडणाऱ्या गर्दीत विद्यार्थीही असतात. कुणी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, कुणी बी.कॉम.ला. खोलीचं भाडं, मेस आणि गावी पाठवायचे पैसे वजा केले की उरेल त्यातून फी. ती नेहमीच शेवटी उरते.

अशांना मदत मिळते का? मिळते, पण प्रवेश कुठल्या प्रकारचा आहे, यावर सगळं अडतं.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरची मोठी मदत प्रामुख्याने नियमित विद्यार्थ्यांसाठी आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, पण अर्धवेळ आणि दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम त्यात बसत नाहीत. 2024 पासून याच मर्यादेतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, तेही व्यावसायिक अभ्यासक्रमांना आणि सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच (कॅप).

मग पोरं काय करतात? नाव नियमित कॉलेजात, हात मशीनवर. हजेरीचं काय होतं, ते कॉलेजलाही ठाऊक असतं. शिष्यवृत्ती हवी तर वेळ नाही, वेळ हवा तर शिष्यवृत्ती नाही, असा हा पेच. तो विद्यार्थ्याने नाही, नियमांनी घातलाय.

(दृश्य : रविवारचं अभ्यासकेंद्र)

कमावत्यांसाठी सरळ रस्ता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा. 1989 साली नाशिकला सुरू झालेल्या या विद्यापीठाची विभागीय केंद्रं संभाजीनगर आणि नांदेडलाही आहेत. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, आणि केंद्र सरकारच्या नियमावलीत दूरशिक्षणाने शिकणाऱ्यांचाही विचार केलेला आहे. "मुक्तला काही मिळत नाही" असं शेजारच्याने सांगितलं म्हणून गप्प बसू नका, अभ्यासकेंद्रात विचारा. मुलींना एसटीचं तिकीट मार्च 2023 पासून अर्धंच लागतं. परभणीहून दर रविवारी येणारीला तीही मदतच.

कॅम्पसमध्ये राहणाऱ्यांसाठी 'कमवा व शिका' आहे. वाचनालयात, बागेत, कार्यालयात तासांवर काम आणि तासांवर मानधन. मात्र रात्रपाळी करणाऱ्याकडे द्यायला ते तासच नसतात.

(दृश्य : भेगाळलेलं शेत, बीड जिल्हा)

मराठवाड्यात आणखी एक सवलत आहे, आणि ती मिळते ती दुष्काळ पडल्यावर. सरकारने तालुक्यात दुष्काळ जाहीर केला की जमीन महसुलात सूट, वीजबिलात सवलत, कर्जाचं पुनर्गठन अशी यादी निघते. त्या यादीत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही असते. ऑक्टोबर 2018 मध्ये राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हाही ती होती. फॉर्मसोबत पैसे आधीच भरले असतील तर परतावा मागा. मागितल्याशिवाय कुणी दारात आणून देत नाही.

शैक्षणिक कर्जाचं मी फार सांगत नाही. बँक पालकांना सहकर्जदार करते, आणि वडिलांचं पीककर्ज थकलेलं असलं की गाडी तिथेच अडते.

आता कागदं. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेले पैसेही येत नाहीत. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला तर निकालाआधीच काढा. निकाल लागला की महा ई-सेवा केंद्रासमोर अख्खा तालुका उभा असतो.