पहिला रिकर्व्ह बो घेताय? आधी हात पसरून उभे रहा

नमस्कार! हा बघा, हा माझा पहिला रिकर्व्ह बो, म्हणजे ऑलिम्पिकच्या तिरंदाजीतलं धनुष्य, ३६ पाउंडचा, म्हणजे दोरी ओढायला एवढा जोर लागतो, आणि गेली सहा वर्षं कपाटावर धूळ खातोय. दुकानदार म्हणाला तुम्ही चांगले उंचपुरे, तुम्हाला वीस-बावीस पाउंड म्हणजे खेळणं वाटेल, आणि असं कुणी म्हटलं की आपल्यालाही बरं वाटतंच ना, घेतला लगेच. तिसऱ्या आठवड्यात उजवा खांदा असा धरला की शर्टात हात घालताना पण आई गं. दुकानदाराचं नाव घेत नाही, मी पण कुठे काय मोजलं होतं.

तर आज मोजूया. पण आधी एक गोष्ट क्लिअर करतो. २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही वर्ल्ड चॅम्पियन झाले, तेव्हापासून पालक मला विचारतात, तसला बो कितीला पडेल? अहो तो कंपाउंड. त्याला पुल्या असतात, पूर्ण ओढला की हातावरचं वजन एकदम उतरतं. रिकर्व्हला ती सोय नाही, जेवढा ओढाल तेवढा जड होत जातो आणि नेम धरून थांबता तेव्हाच सगळ्यात जास्त भार पाठीवर असतो. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला खेळला, तो हा रिकर्व्ह. आज फक्त याचंच.

पहिलं, डोळा. दोन्ही हात पुढे करून तळव्यांची छोटी खिडकी करा, त्यातून समोरचं घड्याळ बघा, आता एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला घड्याळ जागेवर दिसतं तो तुमचा मुख्य डोळा. उजवा असेल तर राइट हँड बो, म्हणजे धरायचा डाव्या हाताने आणि ओढायचा उजव्याने. इथे लोक हमखास गोंधळतात, ज्या हातात धरतो त्या हाताचा बो मागवतात आणि मग परत करायची पळापळ.

आता माप. भिंतीला टेकून दोन्ही हात पसरा, मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत किती इंच ते कुणाकडून तरी मोजून घ्या आणि अडीचने भागा. ६६ इंच आलं तर २६.४, ही तुमची अंदाजे ड्रॉ लेंथ, म्हणजे तुम्ही बो किती इंच ओढता ते. २६ ते २८ मध्ये असाल तर ६६ किंवा ६८ इंची बो बघा, त्याच्या वर असाल तर ६८-७०. फार आखूड घेतला तर दोरी बोटांना चिमटते.

आणि आता पाउंडेज, ज्यात मी गचकलो. हे इथे लिहिलंय बघा, लिंबच्या आतल्या बाजूला, अगदी बारीक. (मधला दांडा तो रायझर आणि वरखालची पाती म्हणजे लिंब, सातारकरांनी लगेच बारा मोटेच्या विहिरीकडे जाऊ नये, ते लिंब गाव वेगळं.) इथे ३६ लिहिलंय ते २८ इंच ओढल्यावरचं. त्याच्या पुढे प्रत्येक इंचाला साधारण दोन पाउंड वाढतात आणि अलीकडे तेवढेच कमी होतात. माझी ड्रॉ लेंथ साडेएकोणतीस, म्हणजे मी ३६ समजून रोज ३९ ओढत होतो!

चाळीस पाउंड म्हणजे काय मोठंसं, अठरा किलो, गव्हाचं पोतं उचलतो की आपण, असं वाटतं. पण ऑलिम्पिकच्या रँकिंग राउंडला ७० मीटरवर ७२ बाण मारायचे असतात. ७२ गुणिले ४० पाउंड करा, १३ क्विंटल होतात, तेही तीन बोटांवर. म्हणून मोठ्या माणसाने सुरुवातीला हातावर १८ ते २४ पाउंडच येतील असा घ्या, पोरांना त्याहून कमी. दुकानात ओढून बघा, दोरी हनुवटीला लावून दहा सेकंद थांबा. हात थरथरला किंवा खांदा कानाकडे चढला तर नको तो. आणि ओढून नुसती सोडायची नाही हं, बाण नसताना सोडली की सगळा झटका लिंबमध्ये जातो, तडकतात. हळू परत आणायची.

लिंब सुटे होणारा, म्हणजे टेकडाउनच घ्या, मग ताकद वाढली की फक्त लिंब बदलायचे. आयएलएफ बसणीचा (लिंब अडकवायची ही एक ठरलेली पद्धत) रायझर परवडला तर उत्तम, कुठल्याही कंपनीचे आयएलएफ लिंब त्याला बसतात. नाही परवडत तर लाकडी रायझर पण चालतो, फक्त साईट (नेम धरायची खूण) आणि प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची पिन) बसवायला पितळी आट्याची भोकं आहेत का तेवढं बघा, नाहीतर सहा महिन्यांनी रायझरही बदलावा लागेल.

सेकंडहँड घेताय? मग दोरी चढवून बो उभा धरा, मागून एक डोळा मिटून बघा, दोरी वरच्या आणि खालच्या दोन्ही लिंबच्या बरोबर मधून गेली पाहिजे. एकीकडे मधून आणि दुसरीकडे कडेला, म्हणजे पीळ आलाय, ठेवून द्या. मग खिशातून कापसाचा बोळा काढा, हो कापूसच, आणि लिंबच्या कडेवरून असा हळू फिरवा. हा बघा... अडकला. इथे केसाएवढी चीर आहे, डोळ्यांना दिसत नाही पण तंतू धरून ठेवते. माझाच आहे हा, एका उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिला होता, थर चिकटवलेला डिंक उन्हाने गेला. म्हणून तर कुणाला विकलापण नाही.

दोरी चढवायला स्ट्रिंगर, म्हणजे बो वाकवायची वेगळी दोरी, मागून घ्या, पायात अडकवून वाकवू नका, पीळ तिथूनच सुरू होतो. बाण मात्र आत्ताच घेऊ नका. त्यांचा स्पाइन, म्हणजे बाण किती ताठ ते, पाउंडेजवर आणि लांबीवर ठरतो आणि त्यात आकडा जेवढा मोठा तेवढा बाण मऊ, म्हणजे हलक्या बोसाठी १००० स्पाइनचा आणि जड बोसाठी ५०० स्पाइनचा. तो हिशोब पुढच्या व्हिडिओत करू, तोवर ते हात पसरून माप तेवढं घेऊन ठेवा.