छतातला गडगडाट

(दृश्य : ब्रिस्टल ओल्ड विक नाट्यगृह, इंग्लंड. छताचा माळा.)

प्रेक्षागृहाच्या अगदी डोक्यावर, नाटकात ढगांचा गडगडाट करण्यासाठी, लाकडी पन्हळी उताराला बसवल्या आहेत. नाट्यगृह 1766चं. वरच्या टोकाला जड गोळा ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. गोळा घरंगळतो, लाकूड घुमतं आणि ती थरथर तुळयांमधून खाली खुर्च्यांपर्यंत उतरते.

उतार जास्त असला तर गोळा सुसाट निघतो, गडगडाट सुरू होतो तोच संपतो. कमी असला तर गोळा मध्येच रेंगाळतो. गोळे सारख्या अंतरानं सोडले की आवाजाला ताल येतो, आणि आभाळ कधी तालात गरजत नाही. म्हणून हे काम कान असलेल्या माणसाचं. 2016मध्ये, नाट्यगृहाच्या 250व्या वर्षी, 'किंग लिअर'साठी या पन्हळी पुन्हा वाजल्या.

(दृश्य : टांगलेला पत्रा, मुठीवरचा हात.)

दुसरी तऱ्हा पत्र्याची. पातळ पत्र्याची वरची कड लाकडी पट्ट्यांत आवळून तो मोकळा टांगायचा, खाली मूठ लावायची. आधी नुसता हेलकावा, मग एकच झटका. पत्रा भिंतीला टेकला तर आवाज बसतो. फार जाड घेतला तर थाळीसारखा वाजतो. स्पीकरमधला गडगडाट सोपा खरा, पण तो एका कोपऱ्यातून येतो. पन्हळीतला डोक्यावरून सरकत जातो.

(दृश्य : लंडन, ड्रुरी लेन नाट्यगृह.)

1709मध्ये इथे इंग्रज नाटककार जॉन डेनिस यांची शोकांतिका रंगमंचावर आली, 'अ‍ॅपियस अँड व्हर्जिनिया'. तिच्यासाठी त्यांनी गडगडाटाची नवी युक्ती काढली होती, असं सांगतात. त्याआधी मोहरी वाटायच्या वाडग्यात गोळा फिरवून आवाज काढत. कवी अलेक्झांडर पोप यांनी 1729च्या एका टिपेत, आडणे ठोकलेल्या लाकडी पन्हळी त्याहून सरस, असं नोंदवलं. शोध डेनिस यांचाच का, याची खात्री मात्र त्यांनी दिली नाही.

नाटक पडलं. किस्सा असा सांगतात, की पुढे त्याच नाट्यगृहात 'मॅकबेथ' लागलं, गडगडाट झाला, आणि डेनिस प्रेक्षागृहातूनच ओरडले, हा माझा गडगडाट! माझं नाटक चालू देत नाहीत, गडगडाट मात्र चोरतात!

'स्टील समवन्स थंडर' ही म्हण इथली. दुसऱ्याची युक्ती वापरून किंवा त्याच्या आधी बोलून त्याच्या वाट्याची वाहवा लाटायची, असा तिचा अर्थ.

डिसेंबर 1733मध्ये हलाखीत असलेल्या डेनिस यांच्या मदतीसाठी एक प्रयोग झाला. जानेवारी 1734मध्ये ते वारले.