भांडण अनुक्रमणिकेचं

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापलाय 'विश्वास, कर्म आणि बायबलचं भाषांतर'. विश्वास आणि कर्म येईलच, पण आधी माझा एक हट्टाचा मुद्दा ऐकून घ्या. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचा वाद आपण वचनांच्या अर्थात शोधतो. माझं म्हणणं, बायबल हातात आलं की आधी अनुक्रमणिका बघा, मग समास, मग वचनांचे आकडे. खरी मारामारी तिथे झाली, आणि बरीचशी छापखान्यात झाली.

साधी खूण सांगतो. ७३ पुस्तकं भरली तर प्रत कॅथलिक, ६६ भरली तर प्रोटेस्टंट. फरकाची सातही जुन्या करारातली: टोबित, ज्युडिथ, शलमोनाचं ज्ञान, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन. एवढं काय अडलं होतं त्यांच्यावाचून? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, लढाईत मेलेल्यांसाठी प्रार्थना आणि अर्पण केल्याची नोंद आहे. १५१९ साली लाइपझिगच्या वादसभेत कॅथलिक पंडित योहान एक (हे 'एक' त्यांचं आडनाव, संख्या नव्हे) यांनी शुद्धिस्थानाचा (मेल्यावर आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेचा) पुरावा म्हणून नेमका हाच उतारा काढला. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचं उत्तर असं, की ते पुस्तक प्रमाण ग्रंथांत बसतच नाही. साक्ष खोडण्यापेक्षा साक्षीदारालाच कोर्टाबाहेर काढलं!

पण ल्यूथरनं ही पुस्तकं फेकली नाहीत. १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलात ती दोन करारांच्या मध्ये, वेगळ्या मथळ्याखाली आहेत: पवित्र शास्त्राच्या तोडीची नाहीत, तरी वाचायला उपयोगी आणि चांगली. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलातही ती मध्येच होती. ती सर्रास गळली ती पुढे, पैशाच्या भांडणात. लंडनची बायबल सोसायटी युरोपात वाटायच्या प्रतींत ही पुस्तकं चालवून घेते, यावर स्कॉटलंडच्या वर्गणीदारांनी रान उठवलं, आणि १८२६ साली ठराव झाला की असल्या प्रतींना सोसायटीचा छदाम मिळणार नाही. स्वस्त प्रत म्हणजे ६६ ची प्रत, हे समीकरण तिथून पक्कं झालं.

आता दुसरी बाजू. हा किस्सा मला फार आवडतो, तेव्हा घड्याळाकडे बघू नका. ८ एप्रिल १५४६ ला ट्रेंटच्या परिषदेनं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या सभेनं, पुस्तकांची यादी नावानिशी पक्की केली आणि जुनं लॅटिन भाषांतर, म्हणजे व्हल्गेट, प्रमाण ठरवलं. सोबत सांगितलं की ते शक्य तितकं शुद्ध छापा. प्रमाण ठरलं खरं, पण प्रमाण प्रत कुठे होती? शेकडो वर्षं हातांनी नकला झालेल्या, दर मठाच्या प्रतीतला मजकूर थोडा वेगळा. ४० वर्षं काम रेंगाळलं. मग आले पोप सिक्स्टस पाचवे, १५८५ साली. रोमची पाणीपुरवठा योजना करणारा, चौकाचौकांत स्तंभ उभारणारा तडफदार माणूस. कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी) काराफांच्या समितीनं तयार केलेला मजकूर त्यांना पसंत पडेना, म्हणून स्वतःच लेखणी घेऊन बसले. मजकूर बदलला तो बदललाच, वर वचनांचे आकडेही बदलले. आकड्यांची पद्धत पॅरिसच्या रोबेर एस्तिएन या मुद्रकानं १५५१ मध्ये रूढ केलेली होती, तिच्यावर दोन्ही बाजूंचे सगळे वादग्रंथ उभे होते. आकडे हलले की प्रत्येक संदर्भ खोटा पडतो. पोथीतल्या ओव्यांचे क्रमांक कोणी रातोरात बदलले तर कीर्तनकाराचं काय होईल!

१५९० मध्ये प्रत निघाली. सोबतच्या आज्ञापत्रात बजावलं होतं की यातलं अक्षरही बदलणारा बहिष्कृत होईल. आणि त्याच प्रतीत छपाईच्या चुका! त्या कशा झाकल्या? कुठे कागदाची चिठ्ठी चिकटवून, कुठे शाईनं खोडून, कुठे वरून शिक्का मारून. ऑगस्टअखेर पोप वारले. दहा दिवसांच्या आत कार्डिनलांनी विक्री थांबवली आणि गेलेल्या प्रती गोळा करायला सुरुवात केली. १५९२ मध्ये क्लेमेंट आठव्यांच्या काळात सुधारून नवी आवृत्ती आली, एस्तिएनचे आकडे परत घेऊन. मुखपृष्ठावर नाव मात्र सिक्स्टस यांचंच, आणि प्रस्तावनेत कार्डिनल बेलार्मिननी चुकांचं खापर फोडलं मुद्रकावर! ऑक्सफर्डच्या बॉडली ग्रंथालयाचे ग्रंथपाल टॉमस जेम्स यांनी १६०० साली दोन्ही आवृत्त्यांतले फरक ओळीनं मांडून पुस्तकच छापलं. प्रोटेस्टंटांना आयती मेजवानी.

कॅथलिक श्रोत्यांनी रुसू नये. १६३१ मध्ये लंडनच्या राजमुद्रकांनी दहा आज्ञांतला 'नको' गाळला आणि 'व्यभिचार कर' अशी आज्ञा छापली. दंड झाला ३०० पौंड. ही आज्ञा कितवी, हेही पंथावर अवलंबून: कॅथलिकांची सहावी, बहुतेक प्रोटेस्टंटांची सातवी. गंमत म्हणजे ल्यूथरपंथीय आकडे कॅथलिकांसारखेच लावतात. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे स्तोत्र तुम्हाला २३ वं म्हणून ठाऊक आहे. व्हल्गेटमध्ये ते २२ वं, कारण ग्रीक परंपरेत ९ वं आणि १० वं स्तोत्र एकच धरलं होतं. जुना कॅथलिक ग्रंथ आणि प्रोटेस्टंट शब्दसूची (कुठला शब्द कुठल्या वचनात, ते सांगणारी) शेजारी ठेवाल तेव्हा मधली स्तोत्रं एकानं सरकवून बघा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. बरं, मुख्य विषय.

१५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारात, पौलाच्या रोमकरांस पत्रात ३:२८ इथे, ल्यूथरनं 'केवळ' हा शब्द घातला: माणूस केवळ विश्वासानं नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो. ग्रीकमध्ये तो शब्द नाही. १५३० च्या खुल्या पत्रात त्यानं बचाव केला की जर्मन बोलीला तो लागतो आणि पौलाचा आशयही तोच. अडचण याकोबाच्या पत्राची होती, कारण २:२४ मध्ये माणूस 'केवळ विश्वासानं' नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो, असं स्वच्छ लिहिलंय. ल्यूथरनं काय केलं? याकोबाचा मजकूर तसाच ठेवला, पण अनुक्रमणिकेत पहिल्या २३ पुस्तकांना क्रमांक दिले आणि इब्री, याकोब, यहूदा, प्रकटीकरण ही चार खाली, जागा सोडून, बिनक्रमांकाची टाकली! ट्रेंटनं १३ जानेवारी १५४७ ला उत्तर दिलं: सुरुवात देवाच्या कृपेनंच, पण माणसाच्या संमतीचा आणि सहकार्याचा वाटा नाकारून 'केवळ विश्वास' शिकवणाऱ्याला बहिष्कार. दोघं 'विश्वास' म्हणत होते ते वेगवेगळ्या गोष्टींना, ल्यूथरचा देवावरचा भरवसा, ट्रेंटची शिकवणुकीला मान्यता, यावर खरं तर तासभर हवा होता.

३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गला ल्यूथरन जागतिक संघ आणि व्हॅटिकन यांनी या मुद्द्यावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथही आला. याद्या मात्र ७३ आणि ६६ च राहिल्या. एकत्र भाषांतराचे नियम त्याच्या आधीच, १९६८ मध्ये, बायबल सोसायट्या आणि व्हॅटिकन यांनी ठरवले होते. समासात पंथाचा प्रचार नको, आणि ती वादाची पुस्तकं छापायची झाली तर नव्या कराराच्या आधी, वेगळ्या विभागात. १५३४ मध्ये ल्यूथरनं ती ठेवली होती तिथेच.