विमान आपलं, इंजिन कोणाचं?

(रत्नागिरीतील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 2025च्या ऑगस्टमधल्या बातम्या आठवून बघा. अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्यातला निम्मा भाग आपण रशियाकडून तेल घेतो म्हणून दंड. आपल्या किनाऱ्यावर त्याची चर्चा झाली ती कोळंबीच्या भावावरून, पण टीव्हीवर वेगळंच चाललं होतं. मैत्री संपली, भारताला झटका, भारताचं चोख प्रत्युत्तर, असे मथळे रात्रभर फिरत होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 7 नोव्हेंबरला, आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं अमेरिकेच्या जीई कंपनीशी तेजस या आपल्या देशी लढाऊ विमानांसाठी 113 इंजिनांचा करार केला. शुल्क तेव्हाही 50 टक्केच होतं.

मैत्री संपली असेल, तर लढाऊ विमानाचं काळीज त्यांच्याकडून कसं घेतलं? आणि मैत्री शाबूत असेल, तर कोळंबीवर 50 टक्के कशाला? या दोन बातम्या शेजारी ठेवून हा प्रश्न विचारणारा निवेदक मला दिसला नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे, की लढाऊ विमानाच्या इंजिनाचा व्यवहार नेत्यांच्या हस्तांदोलनावर किंवा रागलोभावर चालत नाही. तो चालतो फार आधी केलेल्या ऑर्डरींवर, परवान्यांवर आणि धातूच्या ज्ञानावर. मथळे वाचून आपण त्याचा अर्थ लावायला जातो आणि दर वेळी चुकतो.

तेजसचंच बघू. फेब्रुवारी 2021मध्ये हवाई दलानं 83 तेजस मार्क-1ए विमानांची ऑर्डर दिली. त्यांच्यासाठी 99 इंजिनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मागवली. पहिलं इंजिन आलं मार्च 2025मध्ये. दरम्यान विमानांचे सांगाडे तयार होत होते आणि इंजिनाअभावी थांबत होते. त्या काळात तुमच्या-माझ्या फोनवर काय येत होतं? अमेरिका हात पिरगाळतेय, रशियाशी मैत्रीची शिक्षा देतेय. प्रत्यक्षात आधीची 65 इंजिनं 2016पर्यंत देऊन झाली होती. पुढची ऑर्डर आली नाही, म्हणून कंपनीनं त्या इंजिनाची उत्पादन साखळी बंद केली. पाच वर्षांनी आपण परत गेलो, तेव्हा ती नव्यानं उभी करायची होती, सुटे भाग देणारे पुरवठादार पुन्हा गोळा करायचे होते, आणि तेही कोविडनंतरच्या टंचाईत. उशिराचा दोष कंपनीकडे जातोच, पण त्या पाच वर्षांचा हिशोब दिल्लीतही मागायला हवा होता. तो मागितला गेला नाही, कारण परकीय कटाची गोष्ट ऐकायला बरी वाटते.

या उशिराची किंमत मोठी आहे. 26 सप्टेंबर 2025ला चंडीगडमध्ये मिग-21ला निरोप दिला गेला. हवाई दलाला मंजूर 42 स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, हाताशी उरल्या 29. नाशिकजवळ ओझरला तयार झालेलं पहिलं मार्क-1ए उडालं 17 ऑक्टोबरला.

याचा अर्थ अमेरिका कधी इंजिन अडवत नाही, असा मुळीच घेऊ नका. 1978मध्ये हवाई दल खोलवर मारा करणारं विमान शोधत होतं. स्पर्धेत स्वीडनचं विगेन होतं. विमान स्वीडिश, विकायला स्वीडन तयार, पण इंजिनाचं मूळ आरेखन अमेरिकन. अमेरिकेनं परवानगी नाकारली आणि विगेन बाद झालं. आपण ब्रिटिश-फ्रेंच जग्वार घेतलं. ज्या इंजिनावरून विगेनचं इंजिन बेतलं होतं, ते होतं जेटी8डी, म्हणजे प्रवासी विमानाचं इंजिन. आपल्या इंडियन एअरलाइन्सची बोइंग 737 विमानं त्याच इंजिनावर रोज सांताक्रूझला उतरत होती! त्याच्या आदल्याच वर्षी इस्रायलची क्फिर विमानं इक्वेडोरला जायची थांबली, तीही अमेरिकन इंजिनामुळे. इस्रायल तर अमेरिकेचा अगदी जवळचा मित्र.

मग आलं 1998. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि निर्बंध आले. तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना परत पाठवलं गेलं. नौदलाच्या सी-किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडकले. हेलिकॉप्टर ब्रिटिश, पण आतले काही भाग अमेरिकन. तेजसच्या पथकानं उरलेलं काम बंगळुरूला बसून पुरं केलं आणि 4 जानेवारी 2001ला तेजस पहिल्यांदा उडालं. त्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. पण त्याही दिवशी विमानात इंजिन अमेरिकन होतं.

मार्च 2025मध्ये युरोपात एक अफवा पसरली, की अमेरिका एक बटण दाबून मित्रदेशांची एफ-35 विमानं बंद पाडू शकते. खुलासे झाले, असं बटण नाही. खरं तर बटणाची गरजच नसते. ठरावीक तासांनी इंजिन उतरवावं लागतं, उघडावं लागतं, भाग बदलावे लागतात. पावसाळी बंदी उठल्यावर मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरच्या इंजिनाचा पंप गेला आणि नवा मिळालाच नाही, तर तांडेलानं काय करावं? बोट कोणी ओढून नेलेली नसते, कागद मालकाच्याच नावावर असतात, खलाशी धक्क्यावर असतात. हंगाम तेवढा निघून जातो.

आता आपल्या समुद्रातलंच उदाहरण घ्या, कारण मला ते या विषयातलं सगळ्यात बोलकं वाटतं. आयएनएस तुशिल ही फ्रिगेट जातीची युद्धनौका 9 डिसेंबर 2024ला रशियात कालिनिनग्राडला नौदलात दाखल झाली. जहाज रशियानं बांधलं. तिची गॅस टर्बाइन इंजिनं युक्रेनच्या मिकोलाइव्ह शहरातल्या झोर्या-माशप्रोएक्त कारखान्याची. दोन देश एकमेकांवर क्षेपणास्त्रं टाकत असताना एकाचं जहाज आणि दुसऱ्याचं इंजिन आपल्या नौदलात एकत्र नांदतंय. हे कसं झालं? 2014मध्ये क्रिमियावरून संबंध तुटले आणि युक्रेननं रशियाला इंजिनं देणं बंद केलं. रशियानं स्वतःच्या नौदलासाठी याच वर्गाची सहा जहाजं घेतली होती, त्यातली तीन इंजिनांवाचून गोदीतच अडकली. दोन सांगाडे पुढे आपल्यासाठी पुरे झाले, तुशिल आणि तमाल. इंजिनं युक्रेनकडून घेतली आपण आणि पोचवली रशियाच्या गोदीत. याच वर्गाची आणखी दोन जहाजं वास्कोला, गोवा शिपयार्डमध्ये तयार होत आहेत. त्रिपुट 2024मध्ये पाण्यात उतरली, तवस्या 2025मध्ये. लक्षात घ्या, अडकला तो रशिया. अण्वस्त्रांचा एवढा मोठा साठा असलेला देश शेजारच्या एका कारखान्यामुळे आपली जहाजं पुरी करू शकला नाही.

गोव्याचीच आणखी एक गोष्ट. हंसा तळावर नौदलाची मिग-29के विमानं असतात. त्यांचं इंजिन आरडी-33 कुळातलं. पाकिस्तानच्या जेएफ-17मध्ये जे आरडी-93 बसतं, तेही त्याच कुळातलं, रशियनच. ऑक्टोबर 2025मध्ये रशिया पाकिस्तानला इंजिनं देणार अशी बातमी आली, तेव्हा दिल्लीत राजकीय पक्ष एकमेकांवर तुटून पडले, आणि आपल्याकडे लोकांना वाटलं, जुन्या मित्रानं आत्ता दगा दिला. जेएफ-17 पहिल्यांदा उडालं तेच या इंजिनावर, 2003मध्ये. बातमी ताजी होती, व्यवहार बावीस वर्षं जुना होता.

आपल्या किनाऱ्याला हा अनुभव नवा नाही. 1659च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत गलबतं बांधायला घेतली, तेव्हा रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याची माणसं कामावर होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना धोका कळला. त्यांनी त्या कारागिरांना फितवलं आणि ती माणसं काम टाकून निघून गेली. आरमार मात्र थांबलं नाही, आणि पुढे आंग्र्यांच्या काळात तर याच किनाऱ्यावरच्या गोद्यांतली जहाजं पोर्तुगीज आणि इंग्रज दोघांनाही भारी पडली. लाकडाचं काम आपल्या सुतारांना शिकता आलं. इंजिनाचं काम शिकायला इतकं अवघड का, हे आता जरा जवळून बघू.

लढाऊ इंजिनाच्या टर्बाइनमधलं एक पातं तळहातावर ठेवलं, तर बोटाएवढं भरेल. त्याच्यावरून जाणारा वायू 1,500 अंश सेल्सियसच्याही वर तापलेला असतो. पातं ज्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं, तो त्याच्या बऱ्याच आधी वितळायला लागतो. तरी ते वितळत नाही, कारण आतून पोकळ असतं. पोकळीतून तुलनेनं थंड हवा सोडतात, ती केसासारख्या बारीक छिद्रांतून बाहेर येते आणि पात्याभोवती पातळ पांघरूण धरते. वर सिरॅमिकचा लेप असतो. शिवाय साध्या ओतीव धातूत कणाकणांच्या सीमा असतात आणि तडा तिथूनच जातो. म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं वाढवतात. साचा भट्टीतून अगदी सावकाश खाली ओढतात, वाटेत नागमोडी मार्ग ठेवतात, म्हणजे त्यातून एकच स्फटिक वर चढतो. वेग थोडा चुकला, की पातं बाद. हे करणारे देश बोटांवर मोजण्याइतके. आपल्या हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेनं 2021मध्ये अशी 60 पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी दिली. टीव्हीवर त्यावर एक तासाची चर्चा व्हायला हवी होती.

कारण परवान्यानं जोडणी करणं आणि ज्ञान हाती असणं यात फार अंतर आहे. सुखोई-30ची इंजिनं ओडिशातल्या कोरापुटला आपणच बनवतो. सप्टेंबर 2024मध्ये 240 इंजिनांचा, 26 हजार कोटींहून मोठा करार झाला. त्यातला देशी वाटा शेवटी 63 टक्क्यांवर न्यायचं ठरलं आहे. ही उत्तम प्रगती आहे. पण उरलेल्या 37 टक्क्यांत नेमकं काय आहे, हा प्रश्न प्रत्येक खासदारानं विचारावा असं मला वाटतं.

आपण स्वतः प्रयत्न केले नाहीत असंही नाही. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली बनलेलं मारुत 1961मध्ये उडालं. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं विमान. त्याला लागणारं ताकदवान इंजिन ब्रिटनमध्ये पुरं होण्यासाठी पैसे द्यायला आपण तयार झालो नाही, आणि मारुत शेवटपर्यंत अपुऱ्या इंजिनावर उडत राहिलं. पुढे 1989मध्ये तेजससाठी आखलेल्या कावेरी या देशी इंजिनाला सुमारे 383 कोटी रुपये मंजूर झाले. 2008मध्ये कावेरी तेजसपासून वेगळं केलं गेलं. अपेक्षित ताकद मिळाली नाही, वजन वाढलं. लोक त्याला अपयश म्हणतात. मी नाही म्हणत. जगात कोणालाही पहिलं इंजिन सहज जमलेलं नाही. आपल्याला खटकायला हवं ते हे, की त्या लोकांच्या हाती चाचणीची साधनंच नव्हती.

त्याच ऑगस्ट 2025मध्ये, शुल्काच्या गदारोळात, आणखी एक घोषणा झाली. आपल्या पुढच्या पिढीच्या विमानासाठी फ्रान्सच्या सॅफ्रानबरोबर भारतात इंजिन तयार करायचं. या करारात पात्याचं ज्ञान कोणाच्या नावावर राहणार, तिसऱ्या देशाला विमान विकताना पॅरिसला विचारावं लागणार का, हे प्रश्न मथळ्यांपेक्षा मोलाचे आहेत. आणि एक प्रश्न फ्रान्सला नाही, आपल्यालाच विचारायचा आहे. कावेरीची उंचीवरची चाचणी घ्यायची, तर इंजिन पेटीत बंद करून रशियाला न्यावं लागलं. 2010मध्ये मॉस्कोजवळ आयएल-76 विमानाच्या पंखाखाली टांगून ते उडवलं गेलं. 2025मध्येही त्याच्या चाचण्या रशियातच चालू होत्या. इंजिन उडवून बघायला लागणारं असं चाचणी-विमान घ्यायचं, तर त्यासाठी अमेरिकेची, रशियाची, कोणाचीच परवानगी लागत नाही. लागतात ते पैसे, आणि ते दिल्लीतच मंजूर व्हायचे असतात.