‘छान आहे’ हे उत्तर चालत नाही

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

नमस्कार मंडळी.

मला ‘आठवणीतलं नाशिक’ हा विषय दिला होता. गोदाघाट, मिसळ, रंगपंचमीच्या रहाडी म्हणजे रंगाचे हौद, विजयानंद आणि सर्कल ही थिएटरं असं सगळं मी लिहूनही काढलं होतं. ते कागद पर्समध्येच आहेत. गेल्या महिन्यात नाशिकला जाऊन आले आणि ते भाषण मला करवेना. तुमची हरकत नसेल तर दुसरंच बोलते.

सुरुवात ऑगस्टमधल्या भांडणापासून. माझी लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथल्या युनिव्हर्सिटीत आपल्या विषयाबाहेरचेही काही कोर्स घ्यावे लागतात, जनरल एज्युकेशनचे. त्यात तिनं भारतीय चित्रपट संगीत हा कोर्स निवडला. जेवायच्या टेबलावर तिनं हे सांगितलं आणि माझा आवाज चढला. ज्या गाण्यांवर मी पोळ्या लाटल्या, तुला झोपवलं, ती शिकायला फी भरायची? मी नाही का घरात? ती शांतपणे म्हणाली, “आई, तुला सगळी गाणी येतात. पण एखाद्या गाण्याबद्दल काही विचारलं तर तू एवढंच म्हणतेस, छान आहे.”

मी ताट उचलून आत गेले. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

मग कोर्स सुरू झाला. आठवड्यातून दोनदा लेक्चर, एकदा लहान गटात चर्चा, आणि परीक्षेत अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकवून विचारणार, हे कुठल्या काळातलं, कोणती वाद्यं आहेत, गाण्याचा कोणता भाग आहे. तयारीसाठी ती रात्री फोन करायची, तुकडा लावायची. पहिल्या दोन सुरांत मी गाणं ओळखायचे. ती म्हणायची, “हो, पण आता काय वाजतंय?” सतार आहे की मेंडोलिन? तबला आहे की ढोलक? मला सांगता यायचं नाही. मी म्हणायचे, अगं, छान आहे. आणि फोनवर दोघीही गप्प व्हायचो.

पहिल्या लेक्चरला पडद्यावर दादासाहेब फाळके आले. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. तिनं उत्साहानं हात वर केला, माझी आजी तिथून जवळच राहते म्हणून. प्राध्यापिका म्हणाल्या, वा, मग सांग ना काही. तिला काही सांगता आलं नाही. का येईल? पांडवलेण्यांच्या पायथ्याला फाळके स्मारकात आम्ही तिला तीन वेळा नेलं आहे. तिन्ही वेळा भेळ खाल्ली, फोटो काढले आणि परत आलो. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा, त्यानंतर हा माणूस आपला सगळा कारखाना घेऊन नाशकात आला, इथे त्यानं मूकपट काढले, १९४४ साली नाशकातच गेला, आणि आयुष्यात बोलपट काढला तो एकच, हे तिला आईनं सांगायला हवं होतं. ते तिला परक्या देशातल्या वर्गात कळलं.

एकदा तिनं ‘महल’मधल्या त्या गाण्याबद्दल सांगितलं. तुम्हाला कोणतं ते सांगायला नको, ‘आयेगा आनेवाला’. १९४९ साल, संगीत खेमचंद प्रकाश यांचं, आणि चित्रपट लागायच्या आधीच ते वारले. रेकॉर्ड आली तेव्हा तिच्यावर लताबाईंचं नाव नव्हतं. पडद्यावरच्या पात्राचं होतं, कामिनी. मी ते गाणं तीस वर्षं गुणगुणते आहे. हे ऐकलं आणि भाजी फोडणीला टाकायची राहिली, मोहरी जळून गेली.

आता थोडं रागावते, मंडळी, मोठी बहीण समजून ऐकून घ्या. आपण दरवर्षी अंताक्षरी करतो. अंताक्षरीत काय होतं? मुखड्याच्या दोन ओळी म्हणून झाल्या की अक्षर सापडलं, पुढचा गट. अंतरा कुणी म्हणतच नाही. गणपतीत कराओके करतो. दोन कडव्यांमधलं संगीत वाजायला लागलं की आपण माईक सारखा करतो, ओळखीच्यांना हात करतो, समोरचे बोलायला लागतात. ते संगीत कुणीतरी रात्र रात्र बसून लिहिलेलं आहे. संगीतकाराच्या चालीवर ते रचणारे अरेंजर, सेबॅस्टियन डिसूझांसारखे, बरेचसे गोव्याकडचे, नोटेशन लिहिणारे. वाजवणाऱ्या कित्येकांची नावं ना पडद्यावर आली, ना रेकॉर्डवर. लेक या गणपतीला आली होती. कराओके चालू असताना तिनं माझ्या कानात विचारलं, “इथे सगळे बोलतात का?”

आणि मराठीचं? सबंध सेमिस्टरमध्ये मराठी गाण्यांना अर्धा तास मिळाला. मी रागावणार होते. पण तीच म्हणाली, तू यादी दे, मी मॅडमना नेऊन देते. यादी करायला बसले. १९३२चा ‘अयोध्येचा राजा’, गोविंदराव टेंबे. मास्टर कृष्णराव, केशवराव भोळे, बाबूजी म्हणजे सुधीर फडके, वसंत देसाई. ‘आनंदघन’ नावानं संगीत देणाऱ्या लताबाई. हिंदीत गाजलेले सी. रामचंद्र तर पुणतांब्याचे, आपल्याच गोदावरीच्या काठचे. नावं भराभर लिहिली. मग तिनं प्रत्येक नावापुढे विचारलं, यांचं काय ऐकायचं, आणि त्यात कुठे लक्ष द्यायचं? ती यादी अजून पूर्ण झालेली नाही.

डिसेंबरात आम्ही नाशिकला गेलो. माझी आई आता गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये असते. पंच्याऐंशी वर्षांची आहे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण लहानपणीचं सगळं लख्ख आहे. कोर्स तर संपला होता, ग्रेडही लागली होती. तरी लेकीनं आजीसमोर फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. “आजी, तू गाणी कुठे ऐकायचीस?”

आई बोलायला लागली आणि मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. पंचवटीतला वाडा. रेडिओ फक्त मालकांकडे, त्याला पोस्टातून लायसन लागायचं. १९५२ साली केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच पडली. लेक हे नाव वर्गात शिकली होती. आजीनं सांगितलं की आमचे अण्णा, म्हणजे तिचे वडील, केसकरांच्या बाजूचे होते. सिनेमाच्या गाण्यांनी मुली बिघडतात, बरं झालं बंद केली ते, असं म्हणायचे. पण बुधवारी संध्याकाळी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, अमीन सयानींची. मालकांच्या सूनबाई आवाज जरा मोठा ठेवायच्या आणि वाड्यातल्या मुली जिन्यात बसून ऐकायच्या. कोलंबोहून येणारा आवाज तो, शॉर्टवेव्हवरचा. मध्येच मोठा व्हायचा, मध्येच विरून जायचा. आजी म्हणाली, “अर्धं गाणं ऐकू यायचं, अर्धं वाऱ्यावर जायचं. गेलेले शब्द आम्ही मनानेच घालायचो.”

लेक ताठ बसली. कारण लहानपणापासून तिला माहीत होतं की आजी दोनतीन गाणी चुकीच्या शब्दांनी म्हणते. आम्ही हसायचो, सुधारायचो. ते शब्द चुकलेले नव्हते. जिन्यात बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीनं ते स्वतः जोडलेले होते. मी आईची लेक, इतकी वर्षं मी तिला दुरुस्त करत आले.

मग आजी म्हणाली, पुढे आम्ही थिएटरबाहेर गाण्यांची पुस्तकं घ्यायला लागलो आणि खरे शब्द कळले, पण तोंडात बसलेले गेले नाहीत. पातळ कागदाची ती पुस्तकं तुम्हाला आठवत असतील. लेकीनं विचारलं, “कुठे आहेत ती?” आईनं माझ्याकडे पाहिलं.

वाडा पाडायचा ठरला तेव्हा आवराआवर करायला मी इथून गेले होते. दहा दिवसांची सुट्टी होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ती पुस्तकं होती, चाळीस तरी असतील. काहींच्या समासात आईच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. मी ती वाचली नाहीत. रद्दीवाला दारात उभा होता.

आई मला काही बोलली नाही. लेकही नाही. लेकीनं एवढंच विचारलं, “समासात काय होतं?” मला माहीत नाही. आजीला आठवत नाही.

आता तिच्या फोनमध्ये एक्केचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. तिला त्यातलं निम्मं मराठी कळत नाही, म्हणून ती मला एकेक वाक्य विचारते. ‘वाऱ्यावर जायचं’ हे इंग्रजीत कसं सांगू, म्हणून मी एक सबंध संध्याकाळ घालवली. पुढच्या सेमिस्टरला तिला थर्मोडायनॅमिक्स आहे. हे असं विचारणं किती दिवस चालेल, मला सांगता येत नाही. तिच्यानंतर कोण विचारेल, हे तर मी मनातही आणत नाही.

परवा तिचा मेसेज आला. तेविसाव्या मिनिटाला आजी एक शब्द म्हणते, तो काय आहे? मी सात वेळा ऐकला. थिएटरचं नाव असेल, गाण्यातला शब्द असेल, किंवा जिन्यातल्या एखाद्या मैत्रिणीचं नाव. नाशिकला फोन करून आईला ऐकवला. ती म्हणाली, “हे मी बोलले?”

रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. आता चहा आहे, तेव्हा त्या खिडकीपाशी मी ते लावणार आहे. इथे सत्तरीच्या पुढचे बरेच जण दिसतात, दोघं तर जुन्या नाशकातलेच आहेत. जरा या आणि ऐकून सांगा.