भांडे कशाचे आहे?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औषधांचे आणि रसायनांचे कारखाने जसे वाढले, तशा मालाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळाही या भागात उभ्या राहिल्या. त्यांतील सूक्ष्मजीवशास्त्र विभागात सकाळी गेले, तर धुऊन पालथी घातलेली चंचुपात्रे, बाटल्या आणि मोजपात्रे दिसतात. यांतली बरीच भांडी आता प्लास्टिकची असतात. काचेचे भांडे निर्जंतुक करण्यासाठी कोरड्या भट्टीत १६० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवता येते. तेथे बहुतेक प्लास्टिकचा निभाव लागत नाही.

म्हणून जंतूंच्या आधी भांड्याचा विचार करावा लागतो. तळाशी त्रिकोणात ५ हा अंक असेल, तर ते पॉलिप्रोपिलीनचे आहे, आणि ऑटोक्लेव्हमधील, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या बंद यंत्रातील, १२१ अंशांची दाबाखालची वाफ ते पुन्हापुन्हा सोसते. पॉलिस्टायरीन मात्र १०० अंशांच्या आसपासच मऊ पडते, त्यामुळे त्याची पेट्री डिश, म्हणजे जंतू वाढवण्याची उथळ बशी, वाफेतून वेडीवाकडी होऊन बाहेर येते. पॉलिकार्बोनेट वाफ सोसते, पण दर खेपेला थोडे कमकुवत होते, आणि अल्कधर्मी साबणाचा अंश राहिला असेल तर अधिकच लवकर. अशी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, घालण्यापूर्वी उजेडात धरून तिला बारीक तडे गेलेत का, हे पाहायलाच हवे.

बाटली ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना झाकण सैल ठेवतात. ते घट्ट असेल, तर वाफ आत शिरत नाही, आतली हवा बाहेर पडत नाही आणि रिकामी बाटली वरून तापूनही आतून निर्जंतुक होत नाही; शिवाय तापताना-निवताना आतल्या-बाहेरच्या दाबात फरक पडून ती फुगते किंवा चेपते. माझ्या मते नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी शिकवावी अशी ही गोष्ट आहे.

उष्णता न सोसणाऱ्या वस्तूंसाठी इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात, परंतु तो विषारी व कर्करोगकारक असून प्लास्टिकमध्ये मुरतो, त्यामुळे नंतर कित्येक तास वस्तू हवेशीर ठेवावी लागते. सत्तर टक्के अल्कोहोलने पुसणे हे निर्जंतुकीकरण नव्हे. त्याने बीजाणू, म्हणजे जिवाणूंची टणक कवचातली सुप्त रूपे, मरत नाहीत.

खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आयसोमेड संयंत्रात १९७४ पासून कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक केले जाते. येथे प्लास्टिकच्या टिकाऊपणाची क्रमवारी उलटीपालटी होते: वाफेत हरणारे पॉलिस्टायरीन किरणांपुढे टिकते, तर वाफेला दाद न देणारे साधे पॉलिप्रोपिलीन ठिसूळ होत जाते.

वाफेचे काम खरोखर झाले का, हे पाहण्यासाठी भांड्यांच्या मधोमध जिवाणूंच्या चिवट बीजाणूंची छोटी कुपी ठेवतात. नंतर ती ऊबदार पेटीत उबवतात. आतला जांभळा द्रव पिवळा झाला, तर बीजाणू जिवंत राहिले आहेत, आणि तो सगळा घाणा पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये जातो.